२३ नोव्हेंबरचा रागू: प्रकल्प नोंदी

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आजपासून काम सुरू. २३ नोव्हेंबरच्या रात्री चौदा माणसांचं जेवण करायचं आहे, या वेळी मी. शिवाय सासूबाईंचा रागू मापासकट कागदावर उतरवायचा. सप्टेंबरात त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पीठ मळवत नाही आणि जड पातेलं उचलवत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, या जेवणाला मी दर वर्षी त्यांच्या हाताखाली असते. पण कांदा चिरणं वेगळं आणि पातेल्याची जबाबदारी वेगळी.

आमच्याकडे, म्हणजे दक्षिण इटलीतल्या इर्पिनियात, आवेल्लिनो जिल्ह्यातल्या लिओनीजवळ, रागू हे रविवारच्या दुपारचं जेवण. टोमॅटोच्या रसात मांस पाच-सहा तास मंद शिजतं. आधी त्या रसात घोळलेला पास्ता खायचा, मग ते मांस वेगळं वाढायचं. रात्री कुणी रागू करत नाही. आमच्या घरी रात्रीचा रागू वर्षातून एकदाच होतो, तो या तारखेला.

१९८० सालचा २३ नोव्हेंबर रविवार होता. दुपारचा रागू जेवून झाला होता, उरलेला रात्रीसाठी चुलीच्या कडेला ठेवला होता. टीव्हीवर युव्हेन्टुस–इंटर सामन्याचा अर्धा भाग लागला होता. संध्याकाळी ७ वाजून ३४ मिनिटांनी जमीन हलू लागली ती दीड मिनिट थांबली नाही. सासूबाई लाकडं आणायला अंगणात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांचे वडील आणि धाकटी बहीण घरात होते. ते रात्रीचं जेवण झालंच नाही. यंदा ४५ वर्षं, आणि तारीख पुन्हा रविवारीच आली आहे.

तळघरात पासाताच्या, म्हणजे गाळलेल्या टोमॅटो-रसाच्या, बाटल्या मोजल्या: ३८. ऑगस्टमध्ये आम्ही ६० भरल्या होत्या. रागूला सहा धरते.

बाटल्यांचा हिशेब एका निळ्या वहीत असतो, १९८१ पासूनचा. आज ती वही चुकून उलटी उघडली. मागच्या बाजूने सासऱ्यांच्या अक्षरात तारखा आहेत, आणि प्रत्येक तारखेसमोर कोण आलं आणि काय म्हणालं ते. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ते नंतर. आधी बाटल्या लिही."

रविवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सगळं गाव दफनभूमीत. शेवंतीच्या कुंड्या घेऊन सासूबाईंबरोबर गेले. एका भिंतीत एकच तारीख ओळीने कोरलेली आहे, नावं तेवढी बदलतात. या भूकंपात सुमारे २,९०० माणसं गेली. दोन लाखांहून जास्त बेघर झाली.

मी औसा तालुक्यातली, किल्लारीच्या पंचक्रोशीतली. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं. भिंती दगडमातीच्या आणि वर मातीचं जड माळवद. आजी त्याखाली गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. नवीन गावठाणात घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबाने: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपाने घरं पाडताना सातबारा पाहिला नव्हता, असं वडील म्हणायचे.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंना हे सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं होतं, "भिंतीत चुना होता की माती?" इथेही मातीच होती. आमचं नातं त्या प्रश्नापासून सुरू झालं असं मी मानते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फुसिल्ली, चाचणी पहिली. फसली.

हे दुकानातले पिळाचे तुकडे नव्हेत. इथली फुसिल्ली हाताची: पिठाची बोटभर लांब वळी लोखंडी सळईवर ठेवायची, तळव्याने पुढे-मागे लाटायची आणि झटक्यात सळई ओढून घ्यायची. पोकळ नळी उरली पाहिजे. जुन्या बायका छत्रीच्या काड्या वापरायच्या. आमच्याकडची सळई चौकोनी आहे, सासूबाईंच्या आजीची.

अर्धा किलो पीठ घेतलं: दोन भाग दुरूम गव्हाचा बारीक रवा, एक भाग मऊ मैदा, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. वळ्या सळईला चिकटून बसल्या. ओढल्या की फाटत होत्या. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. "पाणी जास्त. आणि तू दाबतेस. दाबायचं नाही, फिरवायचं."

मला आजीचे बोटवे आठवले. उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी ओसरीवर बायका बसायच्या, गव्हल्या, बोटवे, मालत्या वळायच्या, आणि आजीसुद्धा हेच म्हणायची की पीठ घट्ट हवं आणि बोट हलकं. हे हातात आहे माझ्या, पण तीस वर्षांपूर्वीचं. दुसऱ्यांदा घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवलं. शेवटच्या वीसेक नळ्या बऱ्या निघाल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

स्वयंपाकाची नोंद नाही, पण लिहायला हवं.

यंदा आमच्या काम्पानिया प्रदेशाची निवडणूक नेमकी २३ आणि २४ नोव्हेंबरला आहे. आज चौकातल्या बारमध्ये एक उमेदवार आला. कॉफी झाली, हस्तांदोलनं झाली, मग त्याने भाषणात भूकंपातल्या मृतांना आणलं. त्यांच्या स्मृतीसाठी निवडून द्या म्हणाला. वरच्या गावांसाठी रात्रीची रुग्णवाहिका, आत डॉक्टरसह, एका वर्षात देतो असंही म्हणाला. सासूबाईंनी मागून विचारलं, "गेल्या खेपेला तुमच्याच माणसाने हे सांगितलं होतं, त्याचं काय झालं?" तो हसला, त्यांचा दुखरा हात हातात घेऊन थोपटला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

मला संताप आला तो उत्तर न दिल्याचा नाही. माझ्या सासूच्या मेलेल्या बहिणीला मतांसाठी वापरलं आणि सासूच्याच प्रश्नावर पाठ फिरवली, याचा आला. संध्याकाळपर्यंत हात थरथरत होते.

रात्री मुलीला सांद्रो पेर्तिनींचं भाषण दाखवलं. ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते, फॅसिस्टांच्या तुरुंगात वर्षं काढलेला ८४ वर्षांचा माणूस. भूकंपानंतर दोन दिवसांनी ते इकडे आले. ढिगाऱ्याखालून अजून आवाज येत होते आणि कित्येक गावांत मदत पोचली नव्हती. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते टीव्हीवर बोलले. आपत्तीत मदत करण्याचा कायदा १९७० साली झाला आणि त्याची नियमावली दहा वर्षांत निघाली नाही, हे देशाच्या प्रमुखाने देशाला सांगितलं. मग सिसिलीतल्या बेलिचेचं काढलं. तिथला भूकंप १९६८ चा, घरांसाठी पैसा मंजूर झालेला, आणि लोक अजून बराकींत. तो पैसा गेला कुठे, ज्याने खाल्ला तो तुरुंगात आहे का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्याच्या दुःखावर कमाई करण्याइतकं नीच काही नाही, असंही म्हणाले.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने विचारलं, "मग तो तुरुंगात गेला का?" मी तिला खरं तेच सांगितलं, की इतकं उघड बोलूनसुद्धा पुढे याच डोंगरात पुन्हा तसंच झालं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सासूबाईंचं मतदार कार्ड भरलं. त्यावर १८ शिक्क्यांची जागा असते. कोमुनेत, म्हणजे गावच्या पालिकेत, जाऊन नवीन घेतलं, अर्ध्या तासाचं काम. जुनं त्यांनी फेकू दिलं नाही, वहीत ठेवलं.

फुसिल्ली चाचणी दुसरी: पाणी कमी केलं, एका किलोला साधारण अर्धा लिटर, हाताला लागेल तसं थोडं इकडेतिकडे. पीठ तासभर झाकून. जमली. अकरा मिनिटांत तीस नळ्या. चौदा माणसांना दीड किलो पीठ पुरेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

छोट्या पातेल्यात रागूची चाचणी, एका बाटलीची. सासूबाई हाताने घालायच्या आणि मी प्रत्येक वेळी त्यांचा हात वजनकाट्यावर थांबवायची. आधी चिडल्या, मग त्यांनाच गंमत वाटू लागली. "तीस ग्रॅम? मला वाटलं थोडंसंच घालते मी."

चौदा जणांचं माप असं ठरलं. डुकराच्या फासळ्या दीड किलो. ब्राचोले १४, म्हणजे गोमांसाचे पातळ काप. त्यांत किसलेलं पेकोरिनो चीज, लसूण, पार्सली, बेदाणे आणि चिलगोजे भरून गुंडाळायचे, दोऱ्याने बांधायचे. डुकराच्या कातडीच्या चार गुंडाळ्या, त्यांच्यामुळे रस दाटतो. कांदे तीन, अगदी बारीक. ऑलिव्ह तेल आणि दोन चमचे डुकराची चरबी. आल्यानिकोची लाल वाइन एक मोठा पेला. टोमॅटोचा घट्ट गोळा दोन चमचे, पासाता सहा बाटल्या.

मांस सगळ्या बाजूंनी तांबूस व्हायला हवं, घाई चालत नाही. वाइन पूर्ण उडून जाईपर्यंत टोमॅटो घालायचा नाही. त्यानंतर सगळं कौशल्य आचेचं. नेपल्सकडे याला ‘पिप्पियारे’ म्हणतात, शब्दातच आवाज आहे. रटरट नाही, खदखद तर नाहीच. झाकण लाकडी चमच्यावर तिरकं टेकवायचं आणि पृष्ठभागावर एक बुडबुडा फुटला की दुसरा यायला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला पाहिजे.

तो बुडबुडत असताना सासूबाईंनी वही मागवली आणि उलटी उघडली. चार पानं आहेत. पहिली नोंद मे १९८१: पुनर्बांधणीचा २१९ क्रमांकाचा कायदा झाला, दोन वर्षांत घर. मार्च १९८३: नाताळच्या आधी चाव्या. ऑक्टोबर १९८५: पैसे आलेत, सही बाकी. १९८७ ला निवडणुकीच्या आठवड्यात तीन वेगवेगळे लोक, तीन वेगवेगळी वचनं. मधल्या काळात यांच्या आधी घर मिळालं ते एका पदाधिकाऱ्याच्या चुलतभावाला, ज्याचं जुनं घर पडलंच नव्हतं. सासऱ्यांनी ते फक्त तारखेसह लिहून ठेवलंय, एकही शिवी नाही. शेवटची नोंद १९९४: चाव्या मिळाल्या. माझा नवरा प्रीफॅबमध्ये, म्हणजे तात्पुरत्या पत्र्याच्या घरात, जन्मला आणि बारा वर्षांचा होईपर्यंत तिथेच वाढला. हिवाळ्यात पत्र्याच्या आतून पाणी ठिबकायचं, हे तो कधीतरी सांगतो.

हे एका घराचं. पूर्ण हिशेब संसदेच्या चौकशी आयोगाने मांडला, ऑस्कर लुइजी स्काल्फारो त्याचे अध्यक्ष होते आणि अहवाल १९९१ मध्ये आला. भूकंपग्रस्त कोमुनेंची यादी ६८७ पर्यंत वाढली होती. त्यातली पार उद्ध्वस्त म्हणून नोंदलेली ३७. बाकीच्यांतही अनेक ठिकाणी खरं नुकसान होतं, पण यादीत नाव घुसवणं हाच पुढाऱ्यांचा धंदा झाला. खर्च ५० लाख कोटी लिरांच्या घरात. कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली डोंगर सपाट करून २० औद्योगिक क्षेत्रं आखली. अनेक कारखानदार अनुदान घेऊन आले, थोडी वर्षं फाटक उघडं ठेवलं आणि गेले. मधल्या काळात पोरं कामासाठी मिलान, स्वित्झर्लंड, जर्मनीला.

३७ आणि ६८७. मला वाटतं हे दोन आकडे इथल्या प्रत्येक शाळेत पाठ करून घ्यावेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

खरेदी. मांस सांगून ठेवलं, शनिवारी सकाळी आणायचं. मोन्तेल्लाचे चेस्टनट दोन किलो. काचोकवाल्लो चीज जाऊबाई आणणार. नणंद सालेर्नोहून येताना ब्रेड. पेकोरिनो ३०० ग्रॅम. चिकोरीची भाजी बागेतली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज प्रचार बंद, कायद्यानेच. गाव शांत होतं.

दुपारी जाऊबाई, नणंद, माझी मुलगी आणि मी, चौघी फुसिल्ली वळायला बसलो. सळया तीनच, म्हणून मुलीला खरंच छत्रीची काडी दिली. तिची नळी सगळ्यांत सरळ निघते, बोटं बारीक आहेत. सासूबाई टेबलाच्या टोकाला बसून मोजत होत्या. पाढे म्हणावेत तशा. सव्वातीन तासांत सगळं पीठ संपलं. पलंगावर स्वच्छ चादर अंथरून, रवा भुरभुरून नळ्या सुट्या पसरल्या. आजीच्या ओसरीवर खाट अशीच भरायची.

ब्राचोले रात्री बांधून ठेवले. पंधरावा चुकून झाला, तो माझ्या मापाचा दोष. शिवाय काप पातळ कापून घ्यायला सांगायचे राहिले होते.

रविवार, २३ नोव्हेंबर

९.३० — सासूबाईंबरोबर मतदानाला. मला मत नाही, माझा पासपोर्ट भारतीय आहे. शाळेच्या वर्गात त्या आत गेल्या. इथे पेन चालत नाही, न पुसता येणारी पेन्सिल देतात. दुखऱ्या हाताने फुली मारायला त्यांना वेळ लागला. नवीन कार्डावर पहिला शिक्का.

१२.१५ — मांस परतायला घेतलं. दोन खेपांत, एकदम घातलं तर पाणी सुटतं.

१.३० — टोमॅटो आत. आच सर्वांत कमी.

४.४० — तळाला लागल्याचा वास. छाती धडधडली. सासूबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं, "ढवळू नकोस. खरवडू नकोस." रस आणि मांस वरच्या वर दुसऱ्या पातेल्यात काढलं, तळ तसाच ठेवला. चाखून पाहिलं, जळका वास रसात उतरला नव्हता. मोठं पातेलं पातळ बुडाचं आहे, पुढच्या वर्षी जाड बुडाचं हवं.

६.०० — रंग बदलला. दुपारचा लाल जाऊन विटकरी, कडेला तेल वर आलेलं.

७.३४ — घंटा. आम्ही सगळे अंगणात उभे होतो, चौदाही. थंडी कडक होती. त्या वर्षी ती संध्याकाळ विचित्र उबदार होती, असं सासूबाई दर वर्षी सांगतात, यंदाही सांगितलं. गॅस मी बंद करून आले होते, तो नियम आहे.

८.२० — फुसिल्ली दोन पातेल्यांत, सात मिनिटं. रसात घोळवली, वर पेकोरिनो. सासूबाईंनी पहिला घास घेतला. मी उभीच. त्यांनी दुसरा घेतला, मग मला बसायला सांगितलं. एवढंच.

मांस वाढताना दीर म्हणाले की ते मतदानाला जाणार नाहीत. "सगळे चोर आहेत, सगळे." मी त्यांच्यापेक्षा लहान, सून, परदेशातून आलेली, त्यामुळे या टेबलावर राजकारणात सहसा बोलत नाही. आज बोलले. म्हटलं, दादा, सगळे चोर म्हटलं की ज्याने खरंच घेतलं त्याला गर्दीत लपायला जागा मिळते. पेर्तिनी चोर नव्हते. ज्यांनी ६८७ चा आकडा उजेडात आणला तेही राजकारणातलेच होते. दीरांना राग आला. ते म्हणाले, उजेडात आणून कुणाचं काय बिघडलं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यांची उमेदीची वर्षं जर्मनीतल्या कारखान्यात गेली.

सासूबाईंनी मुलीला वही आणायला पाठवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. चारही पानं. तिला आजोबांचं अक्षर काही ठिकाणी लागेना, तिथे दीरांनी वाकून शब्द सांगितले. १९८७ च्या पानावर ते एकाला ओळखून म्हणाले, "हा मला सायकल देणार होता." त्यानंतर बराच वेळ फक्त चेस्टनट सोलण्याचा आवाज होता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

भांडी सकाळी. पातळ बुडाचं पातेलं रात्रभर भिजत ठेवलं होतं, निघालं.

पुढच्या वर्षासाठी सुधारणा: मीठ शेवटच्या तासातच घालायचं, रस आटतो तेव्हा वाढतं. बेदाणे निम्मे. काप पातळ. दीड किलो पिठाची फुसिल्ली बरोबर पुरली, एकही उरली नाही. पंधरावा ब्राचोला नवऱ्याने आज सकाळी ब्रेडमध्ये घालून खाल्ला.

मतदान दुपारी तीनला संपलं. प्रदेशात निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं. दीर गेले की नाही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी वही समोर ठेवली, उलटी. १९९४ च्या खाली जागा आहे. त्यांच्या हाताला लिहवत नाही, म्हणून मुलीने लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं: ९ नोव्हेंबर २०२५. चौकातला बार. रात्रीची रुग्णवाहिका, डॉक्टरसह. मुदत एक वर्ष. त्यापुढे त्या माणसाचं पूर्ण नाव, ते मी इथे लिहीत नाही, वहीत आहे.

मग वही सुलटी केली. उरलेल्या बाटल्या: २९.